भिशीचे १५,००० आणि १० बाय ९ची खोली

माझी थोरली बहीण सांगलीत राहते. चार मजल्यांची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात चौघं: ताई ४६ वर्षांची, दाजी ५२, भाचा १७ आणि ताईच्या सासूबाई ७६. सासूबाईंना मीही आजीच म्हणतो. गेल्या वर्षी जूनमध्ये ताईचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. रोज चाला म्हणाले आणि उठता उठता 'जरा वजनंही उचला' म्हणाले. चालणं तिचं आधीपासूनच होतं. वजनांचं काय करायचं हे तिला कळेना.

जुलैत तिनं जवळच्या एका जिममध्ये वर्षाचे ८,००० भरले. बायकांची बॅच दुपारी ४ ते ५. ताई घरी ब्लाउज शिवते, आणि गिऱ्हाइकं नेमकी त्याच वेळेला येतात. पाच आठवडे कसंबसं जमवलं, मग गौरी-गणपतीची शिलाई आली आणि विषय संपला. दिवाळीत भिशी लागली तेव्हा तिनं त्यातले १५,००० बाजूला काढले आणि मला फोन केला. "घरातच काहीतरी करू. पण पंधराच्या वर एक रुपया नाही."

मी पुण्याजवळ भोसरीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ड्रॉइंग काढतो. व्यायामातला जाणकार वगैरे नाही, तालमीत गेलो तो दहावीपर्यंत. पण लोखंड, पाइप आणि बोल्ट दिवसभर डोळ्यांपुढं असतात, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. पुढं आठ महिन्यांत काय झालं ते चुकांसकट लिहितोय.

पहिले २,७९९

हे मी सांगलीत पोचायच्या आधीच गेले होते. भाच्यानं ऑनलाइन '२० किलो होम जिम सेट' मागवला होता. दोन डंबेल रॉड, प्लेटा, हातमोजे, उडी मारायची दोरी. प्लेटा म्हणजे काळ्या प्लॅस्टिकच्या डब्या, आत सिमेंट-वाळूचा भराव. दुसऱ्याच आठवड्यात एक प्लेट सांध्यावर उकलली आणि आतली करडी भुकटी एका गिऱ्हाइकाच्या मोरपंखी ब्लाउजपीसवर सांडली. ताईचा राग तिथूनच सुरू झाला होता.

मी त्या प्लेटा खालच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवल्या. वर '५ किलो' छापलेली प्लेट ४ किलो ३८० ग्रॅम भरली. दुसरी ४ किलो ५१०. फसवणूक तर होतीच, पण मला जास्त खटकली ती जाडी. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, घनता सिमेंटच्या जवळपास तिप्पट असते, म्हणजे तेवढंच वजन सिमेंटमध्ये हवं असेल तर प्लेट तिप्पट जाड होणार. १४ इंची रॉडवर हाताच्या पकडीची जागा सोडली की दोन्ही बाजूंना चार-चार इंच उरतात. त्यात सिमेंटच्या प्लेटा दहा किलोलाच भरून जातात. भाचा तीन महिन्यांत दहा किलोच्या पुढं गेला असता, आणि सेट तिथंच संपला असता. परत करायची मुदत उलटली होती. एका रॉडचे आटेही गेले होते. दोरी तेवढी राहिली.

त्या दिवशी मी ताईला एकच नियम सांगितला: किलोवर किंवा फुटावर मिळतं ते घ्यायचं, मॉडेल नंबरावर मिळतं ते घ्यायचं नाही. लोखंड उद्या भंगारात घातलं तरी किलोनंच जाईल.

या नियमाची परीक्षा दाजींनी लगेच घेतली. त्यांच्या ओळखीत कुणाचातरी ट्रेडमिल ९,००० ला निघाला होता. आम्ही बघायला गेलो. बेडरूममध्ये होता, त्याच्या एका दांडीवर टॉवेल, दुसरीवर लेंगा. मोटरच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत अश्वशक्ती, आणि पुढं बारीक अक्षरांत 'पीक'. म्हणजे क्षणभर देऊ शकणारी ताकद. सलग अर्धा तास चालताना मिळणारी त्याहून बरीच कमी. ते धूड दोन जिने चढवायचं कसं हा प्रश्न वेगळाच. पण खरं कारण साधं होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दोन गोष्टी सांगते: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, आणि किमान २ दिवस स्नायूंना ताण देणारा. पहिली गोष्ट ताई रोज सकाळी रस्त्यावर फुकटात करत होती. मग घरातले पैसे तिच्यावरच पुन्हा कशाला घालायचे? दाजी परत येताना गप्प होते. पटलं होतं की राग आला होता, कोण जाणे.

जागा

सगळ्यांना आधी पार्किंग सुचलं. तळमजल्याला एक कोपरा रिकामाच असतो. पण सांगलीत तळमजल्यावर लोखंड ठेवायचं म्हणजे कृष्णामाईला विचारून ठेवायचं. २०१९च्या ऑगस्टमध्ये या पार्किंगमध्ये पुरुषभर पाणी होतं, २०२१च्या जुलैत पुन्हा आलं. भिंतीवर त्या दोन्ही रेषा अजून दिसतात.

राहिली ती ताईची शिलाईची खोली. १० बाय ९ फूट. त्यात मशीन, कपाट, दिवाण आणि कापडाचे गठ्ठे. दिवाण भिंतीला आडवा सरकवला तेव्हा मधोमध ७ बाय साडेचार फूट जागा मोकळी झाली. ही खोली निवडण्यात एक फायदा होता जो तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही: ताई दिवसातले सहा तास तिथंच असते. वजनं तिच्या डोळ्यांसमोर राहतात.

तोटाही होता. टाचण्या. शिवणाऱ्या बाईच्या खोलीत जमिनीवर टाचण्या असणारच, आणि व्यायाम अनवाणी करायचा. मी एका मोडक्या स्पीकरमधलं चुंबक काढून त्याला दोरी बांधून दिली. रोज सुरुवात करण्याआधी ताई ते मॅटवरून ओढत नेते. पहिल्या दिवशी २३ टाचण्या आणि एक हूक निघाला.

गोठ्यातली मॅट

जिमच्या नावानं विकल्या जाणाऱ्या रबरी फरश्यांचे भाव ऐकून मी भोसरीतूनच हात जोडले होते. सांगलीत त्याची गरजही नव्हती. दुधाच्या पट्ट्यातलं गाव; गोठ्याचं सामान विकणाऱ्या दुकानात गाई-म्हशींखाली घालायची रबरी मॅट मिळते. साडेसहा फूट बाय चार फूट, १५ मिलिमीटर जाड, एका बाजूला खाचा. चार-पाचशे किलोची म्हैस तिच्यावर उठते-बसते, तिला आमच्या डंबेलचं काय! १,९०० रुपये मॅटचे, १५० टेम्पोचे. दुकानदारानं विचारलं, "जनावरं किती?" भाचा म्हणाला, "चार." बिलावर बहुतेक तसंच लिहिलं असावं.

मॅट चाळीसेक किलोची निघाली. गुंडाळायला बघते पण गुंडाळत नाही, हातातून निसटून पुन्हा उलगडते. दोन जिने चढवायला आम्हा दोघांना वीस मिनिटं लागली. आणि वास. टायरच्या दुकानात झोपल्यासारखा. गच्चीवर कपड्यांच्या साबणानं दोनदा धुतली, आठ दिवस उन्हात उलटसुलट केली, तरी खोलीत आणल्यावर आणखी पंधरवडा वास होता. ताईची गिऱ्हाइकं विचारायची. ज्यांना वासाचा त्रास होतो त्यांनी मॅट उन्हाळ्यात घ्यावी, आम्ही नोव्हेंबरात घेतली हे चुकलं.

घर दुसऱ्या मजल्यावर, तेव्हा दोन प्रश्न होते: स्लॅब झेपेल का, आणि खालच्या काकू ओरडतील का. स्लॅबचा हिशोब सोपा निघाला. आपल्याकडं राहत्या खोलीची जमीन आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणं चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं २०० किलो वजनासाठी धरतात. आमची मॅट ४०, लोखंड आणि रॉड मिळून पन्नासच्या आत, ताई ६८, नंतर घेतलेला व्यायामाचा बाक १४. सगळे मिळून १७० किलो, आणि मॅटचं क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर. चौरस मीटरला सत्तर किलोच्या आसपास. इमारत नीट बांधलेली असेल तर काळजी नाही. हा हिशोब ठेवलेल्या वजनाचा आहे, टाकलेल्या वजनाचा नाही.

टाकलेल्याचा हिशोब काकूंनी केला. ताई त्यांच्या हॉलमध्ये जाऊन बसली, फोन चालू ठेवला, आणि वर भाच्यानं दहा किलोचा डंबेल आधी नीट टेकवला, मग चार इंचांवरून सोडला. टेकवलेला ऐकूच गेला नाही. सोडलेल्याला काकू म्हणाल्या, "अगं, हे तर पाटावरवंटा पडल्यासारखं वाजतंय." मॅट धक्का खाते, पण सगळा खात नाही, उरलेला स्लॅबमधून खाली जातो. तेव्हापासून घरात नियम आहे की डंबेल सोडायचा नाही, शेवटचं एक आवर्तन कमी झालं तरी चालेल.

बीड

सांगलीला लागून कुपवाडची एमआयडीसी, पलीकडं कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगाव. या पट्ट्यात फाउंड्र्या, म्हणजे बीड ओतायचे कारखाने, आहेत. माझ्या कारखान्यातल्या एकाच्या ओळखीनं कुपवाडच्या एका फाउंड्रीत गेलो. तिथं जिमच्या प्लेटांचे पॅटर्न (साचा करायचे नमुने) आधीपासून होते आणि कोपऱ्यात बाजूला काढलेल्या प्लेटांचा ढीग. कुठं कडेला बर (धारदार कोर) राहिलेला, कुठं ब्लो होल (ओतताना हवेनं पडलेली पोकळी), कुठं अक्षरं धड न उठलेली. ९५ रुपये किलो. आम्ही ४ प्लेटा ५ किलोच्या, ८ अडीचच्या आणि ४ सव्वाच्या काढल्या. ४५ किलो, ४,२७५ रुपये. मी सोबत ताणकाटा नेला होता, कारण ब्लो होल असलेली प्लेट पन्नास-साठ ग्रॅम हलकी भरते; सारख्या भरतील अशा जोड्या लावून घेतल्या.

एक गोष्ट मात्र विसरलो. व्हर्निअर, मिलिमीटरचा दहावा भागही मोजणारं माप. भोक २५ मिलिमीटरच्या रॉडसाठी आहे असं तिथला माणूस म्हणाला आणि मी मान डोलावली. घरी आल्यावर सोळातल्या सहा प्लेटा रॉडवर जाईनात. आतली भोकं कच्ची, कुठं २४.६, कुठं २४.८. दिवसभर ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती कमी-जास्त चालेल ते, लिहिणाऱ्या माणसानं हे करावं! त्या सहा प्लेटा पिशवीत घालून भोसरीला आणल्या, लेथवर भोक २६ करून घेतलं आणि पंधरा दिवसांनी परत नेल्या. एसटीत पिशवी उचलताना कंडक्टरनं "काय, सोनं हाय का?" असं विचारलं.

बाकी काम भाच्यानं केलं. कडांवर कानस मारली, रेड ऑक्साइडचा एक हात, वर काळ्या ऑइलपेंटचे दोन. सांगलीच्या पावसाळ्यात नुसतं बीड चार दिवसांत तांबडं होतं, आणि तो गंज शिलाईच्या कापडाला लागला तर संपलंच. नवे रॉड ३२५ला एक, असे दोन घेतले.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त समाधान दिलं ते फुकट आलेल्या गोष्टीनं. सव्वाच्या प्लेटांची एक जोडी लावली की डंबेल एकदम अडीच किलोनं वाढतो. भाच्याला ते चालतं. पण ताई डोक्यावर ४ किलो उचलत असेल तर तिला पुढची पायरी साडेसहाची, म्हणजे दीडपटीहून जास्त. अशा ठिकाणी माणूस दोन-तीनदा अडतो, मग सोडून देतो. कारखान्याच्या भंगारात ८ मिलिमीटर पत्र्याचे तुकडे होते. त्यातून १०५ मिलिमीटर व्यासाच्या चार चकत्या कापून घेतल्या, मध्ये २६चं भोक. एक चकती ५१० ग्रॅम भरली. रॉड दीड किलोचा, त्यामुळं आता पायऱ्या अशा झाल्या: अडीच, चार, पाच, साडेसहा, साडेसात, नऊ, दहा. पुढंही असंच एक-दीड किलोनं. दुकानात एवढ्या बारीक प्लेटा सहसा कुणी ठेवत नाही. ताईच्या भाषेत त्या 'भाकऱ्या'. "आज एक भाकरी वाढवली," असा तिचा मेसेज येतो.

दांडी, पंखा आणि आजी

पुल-अपची दांडी भाच्याला हवी होती. दाराच्या चौकटीत फिरवून घट्ट बसवायची तयार दांडी मी नाकारली. ती नुसत्या दाबावर उभी असते आणि चौकट कशी बसवली आहे ते कुणालाच माहीत नसतं. त्याऐवजी पॅसेज. तीन फूट रुंद, एका बाजूला ९ इंची विटेची भिंत, दुसऱ्या बाजूला साडेचार इंची. १ इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घेतला, बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा, ज्यावर निळी पट्टी असते. १ इंची म्हटलं तरी बाहेरून तो ३३.७ मिलिमीटर असतो, मुठीत बरोबर बसतो. दोन्ही टोकांना ६ मिलिमीटरच्या प्लेटा. जाड भिंतीत फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) मारले. पातळ भिंतीत नुसते फास्टनर मारणं मला धोक्याचं वाटलं, म्हणून बोल्ट आरपार काढून पलीकडच्या बाजूलाही तशीच प्लेट लावली, भिंत सँडविचमधल्या काकडीसारखी. सामान ७०० रुपयांचं. मी आणि भाचा दोघं एकदम लटकलो, १३८ किलो. चुना पडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्यावर आजींचं नऊवारी वाळत होतं.

आणि आजींमुळंच पंखा काढावा लागला. दिवाण सरकवताना माळ्यावरचं सामान खाली आलं, त्यात दाजींच्या वडिलांची मुद्गलांची जोडी निघाली. ते ऐन उमेदीत तालमीत जायचे. लाकूड काळं पडलेलं, मुठी घामानं गुळगुळीत, एकाच्या बुडाला भुंग्यानं पाडलेली भोकं. ताणकाट्यावर ५ किलो २०० आणि ५ किलो ४५०. भाच्यानं एक उचलला आणि हातानंच गरागरा फिरवायला लागला. मुद्गल छताच्या पंख्याच्या पात्याला घासून गेला. पंखा बंद होता म्हणून बरं. आजी दिवाणावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "आरं, हातानं न्हवं. पाठीमागं सोड आन् छातीनं वर आण. मनगट मोडशील." चाळीस वर्षं त्यांनी नवऱ्याला पहाटे अंगणात मुद्गल फिरवताना बघितलं होतं, एकदाही हातात घेतला नव्हता. त्यांनी खांदे फिरवून दाखवलं आणि भाच्याला दोन दिवसांत ते जमलं.

छताचा पंखा उतरवून भिंतीवरचा लावला, १,८५० रुपये. वजन डोक्यावर नेणाऱ्या कुठल्याही खोलीत हा खर्च धरलाच पाहिजे. आमच्या यादीत तो नव्हता. व्यायामाच्या रबरी पट्ट्या तीन आणल्या, मिळून ९००. त्यातली एक मेमध्ये खिडकीच्या उन्हानं तडकली. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

कोण काय करतं

ताईची वेळ पहाटे पावणेसहा. नळाचं पाणी भरून झालं की ती कणीक मळून झाकून ठेवते, आणि कणीक मुरेपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटं तिची. सोमवार, बुधवार, शुक्रवार. डंबेल छातीशी धरून बैठका, दिवाणाच्या कडेवर हात टेकून जोर, वाकून एका हातानं डंबेल ओढणं, डोक्यावर उचलणं. प्रत्येकी तीन फेऱ्या, आठ ते बारा वेळा. तिन्ही फेऱ्यांत बारा झाले की पुढच्या वेळी एक भाकरी. बैठका ५ किलोवर सुरू केल्या, आता १४वर आहे. डोक्यावर अडीचवरून पाचवर, आणि हे पाच भाकऱ्यांशिवाय झाले नसते. जूनमध्ये एचबीए१सी ५.८ आलं. चहातली साखरही तिनं याच काळात सोडली, त्यामुळं श्रेय कुणाचं किती यात मी पडत नाही.

आजींसाठी काहीच विकत घेतलं नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजलं. ७५ ते ७९ वयाच्या बायकांत दहापेक्षा कमी म्हणजे पाय कमजोर आणि पडण्याचा धोका जास्त, असं या चाचणीत धरतात. नोव्हेंबरात सहा झाले, आणि सहाव्याला त्यांनी टेबल धरलं. बाजूला कुणीतरी उभं राहून रोज दोनदा पाच-पाच वेळा. मार्चमध्ये अकरा. आता त्या देवघरापुढून उठताना कुणाला हाक मारत नाहीत.

दाजींचं जमलं नाही. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारून, वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही हे बजावून सुरुवात केली होती. तीन आठवडे केलं. आता संध्याकाळी दुकानातून आले की दांडीला मिनिटभर लटकतात, पाठ मोकळी होते म्हणतात, आणि टीव्ही लावतात. मी काही बोलत नाही, दाजी आहेत.

भाच्याला पहिल्या दिवसापासून बाक हवा होता. मी चार महिने थांबवला, मॅटवर पाठ टेकून डंबेल दाबायला लावले. नेमानं करतोय हे दिसलं तेव्हा विश्रामबागेत घर बदलणाऱ्या एकाकडून जुना बाक घेतला, २,२००. घेण्याआधी उलटा करून वेल्डिंग बघितलं, मग मी त्याच्यावर आडवा झालो आणि भाचा माझ्या पोटावर बसला. विकणारा जरा घाबरला.

हिशोब ताईच्या वहीत आहे. बुडालेला सेट २,७९९, मॅट टेम्पोसकट २,०५०, बीड ४,२७५, रॉड ६५०, दांडी ७००, पट्ट्या ९००, पंखा १,८५०. एकूण १३,२२४. बाकासाठी १,७७६ उरले होते, वरचे ४२४ भाच्यानं स्वतःचे घातले, कारण पंधराच्या वर एक रुपया नाही म्हणजे नाही.

आता त्याला बारबेल, म्हणजे दोन्ही हातांनी उचलायचा लांब रॉड, हवाय. सात फुटी रॉडची आशा मी मोडली: खोलीची ९ फुटांची बाजू, त्यात कपाट दोन फूट, म्हणजे रॉड भिंतीपासून कपाटापर्यंत अडकून बसेल आणि प्लेटा चढवायला जागा उरणार नाही. पाच फुटी बसतो. गेल्या रविवारी त्याचा फोन आला, "मामा, कुपवाडला कधी जायचं?" मी म्हटलं, आधी आईला विचार. मागून ताईचा आवाज आला, "या वेळी व्हर्निअर घेऊन ये म्हणावं."